उधाण, लाट की फूग?

अनुवादक_पुणे: दिवाळी अंकासाठी गॅल्व्हेस्टनच्या हरिकेनवरचा लेख मराठीत आणतेय. ८ सप्टेंबर १९००, टेक्ससच्या किनाऱ्यालगतचं बेट. सगळ्यांत उंच जागा जेमतेम ९ फूट आणि समुद्र चढला १५ फूट. ६ ते १२ हजार माणसं गेली. वादळाच्या जोराने असं किनाऱ्यावर चढणारं पाणी म्हणजे 'स्टॉर्म सर्ज', त्याला मी 'उधाण' लिहिलं. सासूबाई श्रीवर्धनच्या. वाचून म्हणाल्या, "उधाण अवस-पुनवेचं. वादळाचं कसलं उधाण?" बदलू का शब्द?

खारवी: सासूबाईंचं बरोबर. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, अवस-पुनवेला उधाण, म्हणजे मोठी. होडी कधी काढायची ते यावर ठरतं. भांगाच्या दिवशी वादळ आलं आणि तुम्ही 'उधाण' छापलंत, तर आमच्याकडचा माणूस गोंधळेल.

कोशप्रेमी: उत्साहाला उधाण येतं ते तिथी बघून येतं का? शब्द किनारा सोडून कधीच घाटावर आलाय. मला तर उधाण हा उधळण्याचा सख्खा भाऊ वाटतो. खुशाल ठेवा.

खारवी: घाटावर हवं ते म्हणा. हा लेख समुद्राचा आहे.

टिपणवही: त्या रात्री पौर्णिमा अगदी तोंडावर होती, म्हणजे तिथीने उधाणच. पण मेक्सिकोच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक एक-दोन फुटांचा. शहर बुडालं ते वारा आणि उथळ तळ यांमुळे. सकाळी वारा उत्तरेचा, जमिनीकडून समुद्राकडे, तरी पाणी रस्त्यांत चढत होतं. हवामान खात्याच्या आयझॅक क्लाइननी तार केली की उलट्या वाऱ्यात एवढं पाणी आजवर पाहिलेलं नाही. याच क्लाइननी १८९१ मध्ये लिहिलं होतं, गॅल्व्हेस्टनला वादळाचा मोठा धोका मानणं हा भ्रम आहे. त्या संध्याकाळी त्यांच्या घरात चार सेकंदांत चार फूट पाणी चढलं. पत्नी त्या रात्रीच गेली. याला 'वादळी लाट' तरी म्हणू नका. लाट येते आणि मागे जाते.

कृष्णाकाठ: 'फूग' घ्या ना. पुढे पाणी तुंबलं की नदीला मागे फूग येते. २०१९ ला आम्ही रात्रभर बॅटरी धरून वृंदावनाकडे बघत होतो. आवाज नाही, लाट नाही, एकेक बोट पाणी वर. तुळस दिसेनाशी झाली तेव्हा माळ्यावर गेलो.

कोशप्रेमी: फूग नदीची. 'फुगवटा' म्हटलं तर धरण आठवेल. आणि मुळात 'हरिकेन' कशाला? चक्रीवादळ लिहा.

अनुवादक_पुणे: वादळ क्युबावरून गेलं. तिथले जाणकार म्हणत होते ते आखातात शिरणार. वॉशिंग्टनच्या हवामान खात्याने ऐकलं नाही, फ्लोरिडाकडून उत्तरेला वळेल असं धरून चालले. हरिकेन हा त्याच बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, स्पॅनिशमधून पुढे गेलेला. तो पुसावासा वाटत नाही.

कोशप्रेमी: मग सायक्लोन तर कोलकात्यात जन्मला, हेन्री पिडिंग्टनने घडवला. तुफान अरबी-फारसीतून आलं. वादळ तेवढं घरचं, वात आणि दल.

टिपणवही: वात-दल नव्हे. हिंदीतल्या 'बादल'चं भावंड आहे ते. त्यांच्याकडे ढग राहिला, आपल्याकडे वारा सुटला.

कोशप्रेमी: पटत नाही.

खारवी: ३ जून २०२०, निसर्ग वादळ. सुपारीची बाग दोन तासांत आडवी, वाडीत खारं पाणी. तेव्हा आई एवढंच म्हणाली, "दर्या आत आला." आमच्याकडे याला नाम नाही, वाक्य आहे. तेच वापरा.

कोशप्रेमी: तक्त्यात वाक्य कसं घालणार? परिभाषेला नामच लागतं.

अनुवादक_पुणे: तक्ता नाहीये. किनाऱ्यावरच्या अनाथाश्रमात १० नन आणि ९०-एक मुलं होती. ननांनी मुलांना दोरीने स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं. तीन मुलगे तेवढे वाचले. तिथे 'दर्या आत आला' लिहून पाहिलं, बसलं. पण ती दोरी कपडे वाळत घालायची. सासूबाई 'वलणी' म्हणतात. आजच्या वाचकाला कळेल?

कृष्णाकाठ: आमच्याकडे वलण. पण ती बांबूचीसुद्धा असते.

खारवी: मग नुसती दोरी लिहा. बांबूने कोण बांधतं?