भिडेवाड्यानंतरही शिकलेल्या स्त्रिया इतक्या थोड्या का?

शोधयात्री:
सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यातील भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, आणि त्यापायी सावित्रीबाईंना अंगावर शेण-चिखल झेलावा लागला, हे आपण सर्वांनी वाचले आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनीही उच्च शिक्षण घेतलेल्या मराठी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच आढळतात. शाळेत आलेल्या मुली पुढे गेल्या कुठे?

अनुस्वार:
सासरी. दहा-अकराव्या वर्षी, किंवा त्याही आधी, लग्न होत असे. त्यामुळे अक्षरे नीट जुळू लागतात न लागतात तोच पाटी सुटे. वयात आलेल्या मुलीला पुरुष शिक्षकासमोर बसवण्यास घरचे तयार नसत आणि शिक्षिका तयार व्हायच्या तर मुली शाळेत टिकायला हव्यात, असा हा पेच होता. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे (सरकारी शिक्षण आयोगापुढे) शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली, ती याच अडचणीवर बोट ठेवणारी होती.

जुनीपाने:
यात एक भर घालतो. त्या काळातील शिकलेल्या स्त्रियांची चरित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर शाळेपेक्षा नवरा हीच गोष्ट निर्णायक दिसते. रमाबाई रानडे लग्नानंतर पती न्यायमूर्ती रानडे यांच्या आग्रहाने शिकल्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यामागेही पती गोपाळरावांचा हट्ट होता (तो हट्ट किती कठोर होता, हा वेगळाच विषय). दुसरीकडे, १८८९ मध्ये निघालेल्या शारदा सदनात, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेत, शिकलेल्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, बालविधवा होत्या. म्हणजे नवऱ्याची इच्छा असेल तर किंवा नवराच नसेल तर, एवढ्याच दोन वाटा उघड्या होत्या.

काठावरचा:
सगळा भार बालविवाहावर टाकणे मला पटत नाही. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, सुरू झाले तेव्हा ‘केसरी’ने केलेली टीका वाचावी, तेथील आक्षेप मुलींना काय आणि किती शिकवावे यावर होता. पत्र वाचता येण्यापुरती साक्षरता चालेल, इंग्रजी शिक्षण मात्र नको, अशी ती भूमिका होती. शिवाय ही चर्चा उच्चवर्णीय घरांभोवतीच फिरते. फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तिच्या वाटेत लग्नाइतकीच जातही आडवी होती.

शोधयात्री:
जातीचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला होता. मात्र ‘जुनीपाने’ यांच्या दोन वाटांमध्ये रखमाबाई कुठेच बसत नाहीत. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी माहेरीच राहून शिकली आणि पुढे नांदायला जाण्यास तिने नकार दिला. ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’, असा हुकूम उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये दिला, तेव्हा तिने तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये नवऱ्याला पैसे देऊन तडजोड झाली आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली.

जुनीपाने:
बरोबर, ती तिसरी वाट म्हणायला हवी. पण तिच्यामागे डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे सावत्र वडील होते. कायद्याची मदत म्हणाल, तर १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय (शरीरसंबंधासाठीचे किमान वय) दहावरून बारा केले, विवाहाचे वय नव्हे. मुलीच्या विवाहाला चौदा वर्षांची मर्यादा घालणारा शारदा कायदा थेट १९२९ चा.