रोजची पोलो 30 मिमी खाली घ्यायची आहे, पण आराम जाऊ द्यायचा नाही: स्प्रिंग की कॉइलओव्हर?

राजारामपुरी_पोलो:
2018 ची पोलो जीटी टीएसआय आहे. रोज राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, म्हणजे बरचसं हायवेवरच. सुट्टीला आई-बाबांना घेऊन जोतिबा किंवा नृसिंहवाडी, अधूनमधून गगनबावड्याकडून कोकणात. टायर आणि मडगार्डमधली ती मोकळी जागा डोळ्यांत खुपते. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, आहेत त्याच स्प्रिंगा कापू, तासाभराचं काम. दुसरीकडं कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) दाखवले. बाबांची कंबर दुखरी आहे आणि ते मागेच बसतात, त्यामुळं गाडी कडक झालेली चालणार नाही. शॉकअप अजून कंपनीचेच आहेत. काय घेऊ?

घाटवेडा:
कॉइलओव्हरचे पैसे कशाचे असतात? उंची हवी तशी बदलता येते त्याचे. तू एकदा उंची लावून वर्षानुवर्षं तशीच ठेवणार, मग ते आटे तुझ्या काय कामाचे? त्याच पैशात चांगले शॉकअप येतील. मित्राच्या गाडीला स्वस्तातला सेट आहे, मागं बसून आंबा घाट उतरलोय. तुझ्या बाबांना त्यात बसवू नकोस.

उद्यमनगर_शॉकअप:
भावा, स्प्रिंग कापायचं आधी डोक्यातून काढ. वेटोळं कापलं की उरलेली स्प्रिंग कडक होते, कापलेलं टोक बसकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात लटकलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गॅसनं तापवून बसवणारेही आहेत. त्यात पोलादाचं टेम्परिंगच जातं. आई-बाबा बसतात त्या गाडीत हे नको.

आता मुद्द्याचं. आराम कशात आहे? चाकाला वर जायला किती जागा उरली त्यात. सगळे मऊ स्प्रिंग शोधत बसतात, पण गाडी 30 मिमी खाली घेतली की तेवढा ट्रॅव्हल तू आधीच खर्च केलेला असतोस. म्हणून लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा कडक करावीच लागते, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर, म्हणजे चाक पार वर गेलं की टेकतं त्या रबरावर, आपटेल. कंबरेला बसतो तो दणका त्या आपटण्याचा. स्प्रिंग 20 टक्के कडक केली तर गाडीच्या वरखाली होण्याचा वेग साधारण 10 टक्क्यांनीच वाढतो, कारण तो वर्गमुळानं वाढतो. तेवढं बाबांना जाणवणारही नाही. जाणवेल तो जुना शॉकअप. मूळ स्प्रिंगसाठी बनवलेला शॉकअप नव्या कडक स्प्रिंगला परत येताना आवरत नाही आणि हायवेवर गाडी डुलत राहते. म्हणून आधी शॉकअप ठरव, स्प्रिंग नंतर.

नावं घेऊन सांगतो. बिलस्टाइन कंपनीचा बी6 शॉकअप मूळ लांबीचा, बी8 आखूड, खाली घेतलेल्या गाडीसाठी. बी8 आणि आयबाख कंपनीच्या प्रो-किट स्प्रिंगा एकत्र म्हणजे बी12. तुझ्या वापराला याच जातीचा सेट पाहिजे. पण एक सांभाळ: आपल्याकडची पोलो युरोपातल्यापेक्षा उंच बसते. डब्यावर 30 लिहिलेली युरोपातली स्प्रिंग इथं त्याहून जास्त खाली आणते. म्हणून डब्यावरचा आकडा मानू नकोस. इथल्या पोलोला ती बसवलेल्या माणसाकडून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं आधीचं आणि नंतरचं माप माग. स्प्रिंग पुढच्या अॅक्सलच्या वजनाप्रमाणे येते, डिझेलवाल्याची तुझ्या पेट्रोल टीएसआयला घेऊ नकोस.

पैसे खर्च करायच्या आधी एक कर. मागच्या शॉकअपच्या रॉडवर, रबरी बूट वर सरकवून, एक झिप टाय (प्लास्टिकची पट्टी) घट्ट बांध आणि शॉकअपच्या नळीला टेकवून ठेव. चौघं बसा, डिकी भरा, जोतिबाला जाऊन या. टाय जिथं सरकलेली असेल तिथपर्यंत रॉड आत जातो. भरल्या गाडीची पोटाखालची उंचीही मोज.

राजारामपुरी_पोलो:
केलं दादा. चौघं आणि सामान असताना मागची बाजू रिकाम्या गाडीपेक्षा 38 मिमी खाली बसते. पोटाखाली सगळ्यात कमी जागा 128 मिमी. टाय बंप स्टॉपला जेमतेम टेकून आली.

उद्यमनगर_शॉकअप:
म्हणजे 30 घेतलंस तर भरल्या गाडीला 98 उरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोल गतिरोधक 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, 17 मीटर त्रिज्येचा. पोलोची दोन्ही चाकं एकाच वेळी त्यावर मावतात, म्हणून दोन चाकांमध्ये तो जेमतेम साडेचार सेंमी वर येतो. त्यावर तुझी गाडी घासणार नाही. घासेल ती गल्लीतल्या अरुंद उंचवट्यांवर, कारण तिथं उंचवट्याची सगळी उंची पोटाखाली येते. शिवाय बंप स्टॉप आत्ताच लागतोय. तुझ्यासाठी खरोखर 20 ते 25 मिमी, त्याच्या पुढं नको. इतकंच उतरवायचं असेल तर इथल्या गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंगा बघ, आणि बंप स्टॉप किट बनवणाऱ्यानं सांगितला असेल तेवढाच आखूड कर. 15 किंवा 16 इंची चाकं आहेत तीच ठेव. 17 घालून टायरची जाडी कमी केलीस तर शॉकअपचे पैसे वाया गेले.

खोलल्यावर वरचं माउंटिंग आणि बेअरिंग नवीनच टाक, मजुरी तीच पडते. चाकं हवेत लटकवून स्प्रिंग हातानं हलवून बघ, सैल लागली तर गाडी बाहेर काढू नकोस. थोडे दिवस चालवून स्प्रिंगा बसल्या की अलाइनमेंट कर. टो (चाक पुढून आत-बाहेर किती वळलंय) आणि कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय) दोन्ही बदलतात, टो तसाच सोडला तर टायर आतून खातो. हेडलाइटची उंची लावून घे. विमा कंपनीला बदल लेखी कळव. सेट मागवायच्या आधी त्याचा पार्ट नंबर इथं टाक, मी अॅक्सल वजन जुळतं का बघून सांगतो.