निर्जन पुळणीवर एकट्याने मुक्काम आणि गरीने मासेमारी : कोणती काळजी घ्यावी?

पाणवठा (पुणे)

नमस्कार. गेली बारा वर्षे मी मुळशी आणि पवना धरणांच्या काठी रॉड घेऊन मासेमारी करत आलो आहे, परंतु समुद्रावर गरी टाकण्याचा अनुभव मला फक्त तीन-चार वेळचा आहे आणि तोही नेहमी मित्रांच्या सोबतीने. येत्या डिसेंबरमध्ये वेंगुर्ले तालुक्यात भोगवे ते निवती या पट्ट्यातील एखाद्या शांत पुळणीवर तंबू लावून दोन रात्री एकट्यानेच राहण्याचा माझा विचार आहे. रात्री उजेड मिळावा म्हणून मी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस निवडले आहेत. तंबू पाण्यापासून किती अंतरावर लावावा, रात्री पाण्यात किती खोलवर उतरणे योग्य, मोबाईलला रेंज नसेल तर काय करावे आणि साप-विंचू यांची काळजी कशी घ्यावी, हे मला अनुभवी लोकांकडून समजून घ्यायचे आहे. संपूर्ण बेत कागदावर लिहून दिल्याशिवाय घरून परवानगी मिळणार नाही आणि ती अट मला रास्तच वाटते.

कर्लीकाठ (वेंगुर्ले)

आपण विचारून निघत आहात याचा फार आनंद झाला, कारण इकडे येणारे बहुतेक जण न विचारताच येतात आणि मग आम्हाला टॉर्च घेऊन त्यांना शोधायला जावे लागते.

प्रथम पौर्णिमेविषयी. उजेडाचा आपला विचार समजण्यासारखा आहे, परंतु एकट्याने तंबूत झोपणाऱ्यासाठी तीच रात्र सर्वांत गैरसोयीची असते. आमच्याकडे जुनी माणसे भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतात, म्हणजे तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. या हिशेबाने पौर्णिमेला पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमारास येते, आणि आपला किनारा मुंबईच्या दक्षिणेला असल्याने इकडे ती मुंबईपेक्षा थोडी लवकरच असते. म्हणजे दिवसभराच्या दगदगीनंतर आपण गाढ झोपेत असाल, त्याच सुमारास उधाणाचे पाणी सर्वांत वर आलेले असेल. त्यातही हिवाळ्यात उधाणाच्या दोन भरत्यांपैकी रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते, हे बाहेरून आलेल्या माणसाला सहसा माहीत नसते. तो दुपारच्या भरतीची ओली रेघ पाहतो, तिच्यापासून दहा पावले मागे तंबू ठोकतो आणि मध्यरात्री अंथरुणासकट भिजतो. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत ४ मीटरहून अधिक फरक पडतो, तर आमच्याकडे तो साधारण २ ते अडीच मीटर असतो, म्हणून इकडचा समुद्र सौम्य आहे असा काही जणांचा समज होतो. परंतु सपाट पुळणीवर तेवढ्या फरकानेही पाणी फार आत येते.

म्हणून माझे सांगणे असे, की आपण अष्टमी-नवमीच्या सुमारास यावे. त्या दिवसांत भांगाचे पाणी असते, चढउतार कमी असतो, संध्याकाळी दिवेलागणीच्या आसपास भरती असल्यामुळे मासे लागण्याची वेळ आणि आपली जागे राहण्याची वेळ एकत्र येते, आणि मध्यरात्री पाणी ओसरलेले असते. तंबूची जागा ओल्या रेघेवरून ठरवू नये. सुकलेल्या काटक्या, शहाळ्यांची करवंटे आणि तुटक्या जाळ्यांचे तुकडे जिथे आडव्या रांगेत साचलेले दिसतात, ती मोठ्या भरतीची खरी हद्द समजावी आणि तिच्याही वर, सुरूच्या झाडांच्या बाहेरच्या कडेला तंबू लावावा. अगदी बनात शिरू नये, कारण तेथील सुकलेली पाने एका ठिणगीने पेट घेतात आणि कित्येक ठिकाणी ती जागा वन खात्याची असते. चूल पेटवायची असल्यास उघड्या वाळूतच पेटवावी.

दुसरी गोष्ट खाडीच्या मुखाची. भोगव्याच्या उत्तर टोकाला कर्लीची खाडी समुद्राला मिळते आणि पलीकडे देवबाग दिसते. ओहोटीला तिथे वाळूचा दांडा उघडा पडतो, मासेही त्या कडेलाच चांगले लागतात, आणि त्यामुळे माणूस नकळत पुढे पुढे सरकत जातो. भरती लागली की पाणी आधी पाठीमागच्या सखल भागात भरते, समोरून नव्हे, त्यामुळे तोंड समुद्राकडे असलेल्या माणसाला आपण वेढले गेलो आहोत हे उशिरा कळते. ओहोटीच्या वेळी तर खाडीचे सगळे पाणी त्या अरुंद मुखातून बाहेर धावते आणि त्या ओढीपुढे उत्तम पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरी येथे बेळगावचे ८ विद्यार्थी बुडून मरण पावले, तेव्हा किनाऱ्यावर त्यांचे सोबती होते, दिवसाची वेळ होती. आपण एकटे असाल. म्हणून रात्री गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, गरी अडकली तर ती सोडवायला पाण्यात न उतरता तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) कापून टाकावा, आणि अंधारात दांड्यावर पाऊल ठेवू नये. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडत न बसता आधी तरंगत राहावे आणि मग किनाऱ्याला समांतर सरकत त्या पट्ट्यातून बाहेर पडावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. एकट्या माणसाला समुद्रापेक्षा लहानशा अपघाताची भीती अधिक असते. काही वर्षांपूर्वी मी रात्री गरवायला गेलो असताना उथळ पाण्यात माझा पाय पाकटावर (वाळूत दबून बसणाऱ्या चपट्या माशावर) पडला आणि त्याच्या शेपटीचा काटा घोट्यात शिरला. जखम बोटभरसुद्धा नव्हती, पण वेदनेने मला उभे राहता येईना आणि खडपाच्या आड मोबाईलला रेंज नव्हती. मी वाचलो ते एवढ्याचसाठी, की संध्याकाळी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या लोकांशी बोलताना त्यांच्या तांडेलाला (म्होरक्याला) मी सांगून ठेवले होते की दहा वाजेपर्यंत परतून तुमच्या मांगरात (खोपटात) चहा घेईन. साडेदहाला ते स्वतः कंदील घेऊन आले. तेव्हापासून मी उथळ पाण्यात पाय उचलून टाकत नाही, वाळूवरून घासत नेतो, म्हणजे पाकट आधीच सरकून जाते.

आपणही आल्याबरोबर आधी वाडीत जावे, पोलीस पाटलांना भेटावे, आधार कार्ड दाखवावे, कोणत्या जागी किती दिवस राहणार ते सांगावे आणि ग्रामपंचायतीची हरकत नाही ना, ते विचारावे. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी माणसाकडे सावधपणे पाहिले जाते. रात्री एकटा दिवा दिसला तर गावकरी चौकशीला येणारच, आणि ते आपल्याच भल्याचे आहे. रोज सकाळी व संध्याकाळी ठरावीक वेळी वाडीतील एका माणसाला तोंड दाखवावे आणि वेळ टळली तर त्याने शोधायला निघावे, असे स्पष्ट बोलून ठेवावे.

दक्षिणगोलार्ध (सिडनी)

वरील प्रतिसाद अतिशय मोलाचा आहे. मी फक्त खडकांविषयी भर घालतो, कारण निवतीच्या बाजूला डोंगराच्या सोंडा थेट पाण्यात उतरतात आणि तिथे उभे राहून गरी टाकण्याचा मोह होणारच. आमच्या न्यू साउथ वेल्स राज्यात खडकावरून मासेमारी करताना इतके मृत्यू झाले, की २०१६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि ठरवून दिलेल्या धोकादायक किनाऱ्यांवर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. येथील जुने मासेमार खडकावर पाऊल ठेवण्याआधी निदान अर्धा तास दुरून समुद्र पाहत बसतात, कारण मोठ्या लाटा सतत येत नाहीत, मधूनच एकामागोमाग तीन-चार येतात. खडक कोरडा आहे की ओला, एवढे पाहून चालत नाही. ओला आणि काळपट शेवाळलेला खडक म्हणजे तिथपर्यंत पाणी येते असे समजावे. एकटे असताना मी स्वतः खडकावर जातच नाही, पुळणीवरच थांबतो. रेंज नसलेल्या ठिकाणी येथे आम्ही उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र जवळ ठेवतो, तसे आपणही घ्यावे असे सुचवतो.

कर्लीकाठ (वेंगुर्ले)

खडकांविषयीच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र यंत्राविषयी एक गंभीर दुरुस्ती करणे आवश्यक आहे. भारतात सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तशा प्रकारची संदेशयंत्रे बाळगणे हा गुन्हा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रामुळे परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. किनारपट्टीवर तर ही बाब अधिकच संवेदनशील ठरते. त्यामुळे कोणी परदेशातून पाठवले तरी आपण ते आणू नये.

त्याऐवजी दिवसा उजेडी तंबूपासून वर सड्यावर (कातळाच्या पठारावर) जाणारी पायवाट एकदा चालून पाहावी आणि नेमक्या कोणत्या जागी रेंज येते ते हेरून ठेवावे. कातळावर बहुधा ती मिळते. किनारा सुरक्षेसाठी १०९३, तटरक्षक दलासाठी १५५४, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक कागदावरही लिहून ठेवावेत. गळ्यात शिट्टी असावी, कपाळावर बांधायचा दिवा असावा आणि पॉवर बँक प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधलेली असावी. निघण्यापूर्वी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्राचा लाटांविषयीचा इशारा जरूर पाहावा, कारण फार दूर दक्षिणेकडच्या समुद्रात उठलेल्या लाटा इकडे वारा नसतानाही येऊन आदळतात. आपला बेत डिसेंबरचा आहे म्हणून विजेचे भय फारसे नाही. पुढे कधी मे किंवा ऑक्टोबरमध्ये आलात, तर ढगांचा गडगडाट ऐकताच कार्बनचा रॉड आडवा ठेवून पुळण सोडावी.

ओपीडी (रत्नागिरी)

मी शासकीय रुग्णालयात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून दंश आणि काट्यांविषयी लिहितो. पाकट आणि शिंगाळा या दोन्ही माशांच्या काट्यांत विष असते. जखम समुद्राच्या किंवा स्वच्छ पाण्याने धुऊन तो भाग सोसवेल इतक्या गरम, म्हणजे सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवल्यास वेदना बरीच उतरते. पाणी किती गरम आहे हे आधी दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने किंवा पायाने पाहावे, कारण दुखऱ्या भागाला चटका कळत नाही आणि कातडी भाजते. यासाठी रात्री थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवणे ही सोपी आणि उत्तम तयारी आहे. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो उपसू नये, तसेच रुग्णालयात यावे. धनुर्वाताचे इंजेक्शन निघण्यापूर्वीच घेतलेले असावे. गळाचा अणकुचा (टोकाजवळचा उलटा काटा) पक्कडीने दाबून सपाट केला तर मासे थोडे कमी मिळतील, परंतु तोच गळ स्वतःच्या बोटात शिरल्यास सहज निघेल. एकट्या माणसाने हे अवश्य करावे. केंड (अंग फुगवणारा मासा) गळाला लागल्यास तो पुन्हा पाण्यात सोडावा. तो कोणत्याही प्रकारे शिजवला तरी विषारीच राहतो.

सापांमध्ये या भागात फुरसे पुष्कळ आढळते, परंतु तंबूत झोपणाऱ्याने मण्यारीची अधिक धास्ती बाळगावी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचे बहुधा कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर जखम दिसो वा न दिसो, ताबडतोब रुग्णालय गाठावे. म्हणून तळ शिवलेला आणि पूर्ण चेन असलेला तंबूच आणावा, तो सदैव बंद ठेवावा आणि बूट घालण्यापूर्वी झटकावेत. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरण्याची पद्धत महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रूढ केल्यापासून कोकणातील मृत्यू पुष्कळ घटले, परंतु औषध वेळेत मिळाले तरच त्याचा उपयोग होतो. जाळ्यातून किनाऱ्यावर टाकलेला समुद्री साप मेलेला वाटला तरी त्याला हात लावू नये. आपल्याकडील सर्पविषावरील लस त्याच्या विषावर चालत नाही. परुळे, कुडाळ आणि ओरोस यांपैकी कोणत्या रुग्णालयात सर्पदंशाची लस त्या दिवशी उपलब्ध आहे, हे येतानाच थांबून विचारून घ्यावे.

पाणवठा (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. पौर्णिमेचा बेत मी रद्द केला आहे आणि कृष्ण अष्टमी-नवमीच्या दोन रात्री निश्चित केल्या आहेत. खाडीच्या मुखापासून आणि खडकांपासून दूर, मधल्या पुळणीवरच राहीन. बेताच्या कागदावर सकाळी सात आणि संध्याकाळी सात या दोन वेळा लिहिल्या आहेत. त्या वेळी सड्यावर जाऊन घरी फोन करीन, आणि तासाभरात फोन आला नाही तर पत्नीने थेट वाडीतील माणसाला कळवावे असे ठरले आहे. एकच अडचण उरते. त्या वाडीत माझ्या ओळखीचे कोणीही नाही. अनोळखी माणसावर अशी जबाबदारी टाकणे योग्य ठरेल का?

कर्लीकाठ (वेंगुर्ले)

निःसंकोच टाकावी. कृष्ण पक्षात त्या दिवशी चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवेल, म्हणजे उजेडाची आपली मूळ अपेक्षाही थोडीफार पूर्ण होईल. आपण सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे रापण ओढली जात असेल. दोरीला हात लावा, तासभर सर्वांबरोबर ओढा. वाटणीचे मासे घेण्याचा आग्रह होईल, तेव्हा नको म्हणू नका. त्यानंतर आपली ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही, आणि रात्री आपला दिवा दिसला नाही तर कोणी ना कोणी खाली उतरून पाहीलच. पिण्याचे पाणी मात्र वाडीतील विहिरीचेच भरून न्या. पुळणीलगतच्या विहिरींचे पाणी मचूळ असते.