जि.प., मनपा अन् राज्य: आरोग्य विभाग एकत्र करावेत का?

हद्दीवरचा:
आम्ही नागपूरच्या हद्दीवर, हुडकेश्वरच्या पुढं राहतो. सुनेची नोंद माहेरी, काटोलकडच्या उपकेंद्रात. बाळंतपण नागपूरच्या डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात झालं, व्यवस्थित झालं. दीड महिन्याच्या लशीला ती घराजवळच्या एका केंद्रावर गेली, तर "कार्ड इथलं नाही, नोंद असेल तिथं जा" म्हणून परत पाठवलं. मे महिन्याचं ऊन, लेकरू पदराखाली. तिन्ही विभाग एक केले तर हे थांबेल का? आमच्या चौकात रोज यावर वाद होतो.

निवृत्त सेविका:
भाऊ, आधी लेकराचं. लशीला हद्द नसते, कुठल्याही सरकारी केंद्रावर फुकट मिळते. उद्याच जा. पेंटा (पाच रोगांची एकत्र लस), पीसीव्ही (न्यूमोनियाची), आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन), पोलिओ अन् रोटाचे (जुलाबावरचे) थेंब, पाचही झाल्याचं कार्डावर पाहून घ्या.

आता वादाचं. पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, जि.प.कडं, ग्रामीण रुग्णालय अन् डागा राज्याच्या आरोग्य विभागाकडं, मेडिकल-मेयो ही नागपूरची सरकारी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडं, शहरातली केंद्रं मनपाकडं. 31 वर्षं एएनएम, म्हणजे उपकेंद्राची आरोग्य सेविका होते मी. बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवलं की माझी चिठ्ठी सोबत जायची, तिकडून परत काहीच यायचं नाही. बीपी किती होतं, टाके कधी काढायचे, हे मी तिच्या सासूला विचारायची! एवढ्यासाठी नोंद एकच हवी, त्यासाठी मी कुठंही भांडेन. पण साहेब एक झाल्यानं रिकाम्या जागा भरत नाहीत. शेजारचं उपकेंद्र दोन वर्षं बिनसेविकेचं होतं, दोन्हीकडचं लसीकरण मीच केलं.

काटोलवाला:
ताई, पीएचसीत डॉक्टर नसला की आम्ही जि.प. सदस्याचं दार वाजवायचो. तो सभेत विचारायचा. सगळं राज्याकडं गेलं तर मुंबईला कोण जाईल? मार्च 2022 मध्ये मनपाची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा माझ्या भावाला वस्तीतल्या फवारणीसाठी कोणाला धरावं हेच कळेना.

निवृत्त सेविका:
तुमचं पटतं मला. दार वाजवायला माणूस पाहिजेच. पण ती परतीची चिठ्ठी सदस्यालाही आणता आली नाही, हेही लक्षात घ्या.

हद्दीवरचा:
आज दुसऱ्या केंद्रावर गेलो, पाचही झाल्या. थोडा ताप आहे, औषध दिलंय. तिथल्या सिस्टरनं आरसीएच क्रमांकही (आई-बाळाच्या सरकारी नोंदीचा) शोधून दिला. नोंद सुनेच्या माहेरच्या नावानं होती. पुढची तारीख चार आठवड्यांनंतरची लिहून दिली आहे.