बस्टर कीटनच्या 'वन वीक'मधली तुमची सगळ्यात लाडकी गंमत कोणती?

नेपथ्यवाला, सांगली

मंडळी, मी हौशी नाटकांचे सेट उभे करतो. फ्लॅट (म्हणजे सेटच्या खोट्या भिंती), बॅटन (लाकडी पट्ट्या), खिळे यांतच माझ्या संध्याकाळी जातात. त्यामुळे कीटनचा 1920 सालचा मूक विनोदी लघुपट 'वन वीक' पाहताना माझं अर्धं लक्ष त्या घराच्या सुतारकामाकडे असतं. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नव्या जोडप्याला (नवरा म्हणजे खुद्द बस्टर) काकांकडून लग्नाचा आहेर म्हणून एक प्लॉट आणि खोक्यांत भरलेलं सुटं घर मिळतं. खोक्यांवरच्या आकड्यांप्रमाणे जोडत गेलं की घर तयार. मुलीने नाकारलेला एक जण जळफळाटाने ते आकडेच रंगवून बदलतो, आणि जे घर उभं राहतं त्याची एकही भिंत धड सरळ नसते.

माझी पसंती कठड्याला. वर चढायचंय आणि शिडी नाही. बस्टर व्हरांड्याचा कठडा काढतो, उभा करतो आणि चढायला लागतो. कठड्याचे गज आता पायऱ्या झालेत. काही सेकंदांचा मामला! चेहऱ्यावर 'बघा कशी युक्ती काढली' असा भाव नाही, कॅमेरा जवळ जाऊन दाखवत नाही. काम अडलं, हाताशी जे होतं ते वापरलं, पुढे चला. वस्तूकडे असं बघणारा माणूस मला जगात सगळ्यात हुशार वाटतो.

तुमची कोणती? आणि का, तेही लिहा. नुसतं 'सगळंच भारी' नको.

मुग्धा_ठाणे

दादा, कठडा छानच, पण माझं मत गरगर फिरणाऱ्या घराला. तेरा तारीख, शुक्रवार (पाश्चात्त्यांच्या लेखी अशुभ दिवस), गृहप्रवेशाची पार्टी आणि बाहेर वादळ. घर आधी हळूच वळतं, मग वेग घेतं आणि आतले पाहुणे एकमेकांवर आदळायला लागतात. बस्टर बाहेर उभा राहून दरवाजा समोर येण्याची वाट बघतो, अंदाज घेऊन उडी मारतो आणि भिंतीवर आपटतो. पुन्हा तेच. ते घर खरोखरच फिरत्या तबकावर बांधलं होतं, म्हणून त्या उडीत जीव आहे. चुकला तर लागणार, हे पाहणाऱ्याला कळतं.

चहा_आणि_सिनेमा

आंघोळीचा प्रसंग कुणीच कसा काढला नाही? नायिका सिबिल सीली टबात बसलीय, साबण हातातून निसटून खाली पडतो. तो उचलायचा तर उठावं लागणार. ती आपल्याकडे, म्हणजे थेट कॅमेऱ्याकडे बघते, आणि कुणाचा तरी हात येऊन भिंग झाकतो! हात बाजूला होतो तेव्हा साबण तिच्याकडे, आणि ती हसतेय.

मला तिचं ते हसू फार आवडतं. त्या काळच्या कितीतरी विनोदी पटांत नायिका म्हणजे नुसती पळवून न्यायची वस्तू. इथे ती बरोबरीने राबते, नवऱ्याच्या कामाला हात लावते, आणि या एका गमतीत तर प्रेक्षकाशी तिचा स्वतःचा करार आहे. बस्टर त्या खोलीत नाहीच.

रूळांवरून

रेल्वे! दुसरं उत्तर असूच शकत नाही.

घर चुकीच्या प्लॉटवर बांधलंय हे कळल्यावर दोघं ते पिंपांवर चढवून मोटारीने ओढत नेतात आणि नेमकं रूळांवर अडकतं. गाडी येताना दिसते. ढकलून होतं, ओढून होतं, शेवटी दोघं बाजूला होऊन डोळे झाकतात. आणि गाडी शेजारच्या रूळावरून निघून जाते. कॅमेरा अशा जागी ठेवलाय की दोन रूळांमधलं अंतर आपल्याला कळतच नाही. आपण सुटकेचा श्वास सोडतो तोच उलट दिशेने दुसरी गाडी येते आणि घराचा चुराडा करते. गाडी खरी, घर खरं, बाहुलीघरासारखी छोटी प्रतिकृती वापरलेली नाही. जोरात हसून मग गप्प झालेले प्रेक्षक मी याच जागी पाहिलेत.

नेपथ्यवाला, सांगली

रूळांवरून, तुमचा मुद्दा मान्य, पण ती गंमत कॅमेऱ्याच्या जागेची आहे. मी वस्तूंच्या गमतीत रमतो. म्हणून दुसऱ्या क्रमांकावर माझा गालिचा. बस्टर जमिनीवर गालिचा ठोकतो आणि त्याचा कोट खालीच राहतो. मग सरळ गालिच्यालाच भोक पाडून कोट बाहेर काढतो आणि भोकावर छोटं जाजम टाकतो. घाईच्या दिवशी सेटवर आम्हीही असंच झाकतो.

मुग्धाताई, लागण्याचं म्हणाल तर वरच्या मजल्यावरचा तो दरवाजा बघा. बाहेर ना जिना ना सज्जा. बस्टर तरातरा बाहेर पडतो आणि थेट जमिनीवर. त्या पडण्याने त्याचे हात चांगलेच सुजले होते. आईवडिलांबरोबर लहानपणापासून रंगमंचावर आपटून घेण्यात वाढलेला माणूस तो, तरीही.

मुग्धा_ठाणे

आणि ती पडणारी भिंत? ती बरोबर खिडकीच्या भोकातून त्याच्याभोवती पडते. पुढे 1928 साली 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये त्याने हीच कल्पना प्रचंड वजनाच्या भिंतीने केली. दोन्ही लागोपाठ पाहा, इथली हलकी भिंत पाहिल्यावरच तिथला धोका नीट कळतो.

चहा_आणि_सिनेमा

करतेच या रविवारी. एक सूचना: इंटरनेटवर याच्या बऱ्याच प्रती आहेत, काहींवर सतत ढोल बडवल्यासारखं संगीत चढवलंय. साध्या पियानोची साथ असलेली प्रत शोधा, नाहीतर आवाज बंद करून पाहा.