बेरियाट्रिक (वजन कमी करण्याचं) ऑपरेशन फक्त पैसेवाल्यांसाठीच का?

सातारकर: बहिणीचं वजन ११८ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४५, शुगर कंट्रोलमध्येच येत नाही. पुण्यात साडेतीन लाख सांगितले, दाजी रिक्षा चालवतात, कुठून आणायचे?

रानवारा: मेडिक्लेम आहे का? बीएमआय ४० च्या वर असेल तर लठ्ठपणा म्हणून क्लेम सरसकट नाकारता येत नाही.

सातारकर: पॉलिसीच नाही ताई, तीच तर गोची.

निळूभाऊ: ज्याच्याकडे पक्की नोकरी त्यालाच विमा, राग येतो खरंच. धर्मादाय हॉस्पिटल गाठा, १० टक्के बेड गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत द्यावे लागतात, उत्पन्नाचा दाखला न्या आणि तिथल्या समाजसेवकाला भेटा. ऑपरेशननंतरच्या बी१२, आयर्न, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर असतात, तो खर्च आधीच विचारून घ्या.