किशोर-कादंबरीतलं सक्तीचं उपचार केंद्र: कायदा नि औषधं कुठवर खरी ठेवावीत?

पाणकोंबडा:
किशोरांसाठी डिस्टोपियन कादंबरी लिहितोय. काळ २०४० नंतरचा, जागा पुण्याच्या आसपासची. सोळा वर्षांची मुलगी शाळेच्या 'मनःस्थिती चाचणी'त नापास होते. त्याच रात्री गाडी येते, मुलगी केंद्रात. मग मुंडण, पांढरा गणवेश, इंजेक्शन, आठवणी पुसणं. मसुदा वाचणारे म्हणतात, पटत नाही. आजचा कायदा काय सांगतो? खरी औषधं काय करतात?

कलमकसाई:
मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ८७ वाचा. अठराच्या आतल्या मुलाला दाखल करायचं तर अर्ज पालकांचा. दोन मानसोपचारतज्ज्ञ (किंवा एक तज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक वा डॉक्टर) त्याच दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत वेगवेगळं तपासतात. दाखल केल्यावाचून भागणार नाही, असं दोघांचंही मत हवं. मोठ्यांपासून वेगळी जागा, सोबतीला घरचं माणूस पूर्णवेळ. ७२ तासांत पुनरावलोकन मंडळाला (अशा दाखल्यांवर नजर ठेवणारं, कायद्याने नेमलेलं मंडळ) कळवायचं. मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळाची तपासणी सक्तीची.

आता यातली फट बघा. मुलीची सही कुठेच लागत नाही! उपचाराला संमती पालकांची, आणि पालकांनी 'घरी नेतो' म्हटलं की सोडावंच लागतं. म्हणजे तुमच्या सरकारला रात्रीची गाडी कशाला हवी? आईबापाला घाबरवा, तपासणारे दोघे हाताशी धरा, झालं. आणि आई बधली नाही तर कलम १५ आहेच: पालक मुलाच्या हिताचं वागत नाहीत असा कुणी अर्ज केला, पुरावा दिला, तर मंडळ पालकांऐवजी अर्ज आणि संमती देणारा दुसरा प्रतिनिधी नेमू शकतं. आज ही तरतूद मुलांच्या रक्षणासाठी आहे. मंडळात सरकारची माणसं भरा, अर्ज मुख्याध्यापकांकडून करवा; कायद्याचा एक शब्दही न बदलता मुलगी आत.

मुंडण आणि गणवेशाची सक्ती मात्र कलम २० नुसार आज चालत नाही. ती दाखवायची तर हे कलम कधी, कुणी काढलं ते एका ओळीत येऊ द्या.

गोळीबंद:
इंजेक्शन दिलं आणि मुलगी हसरी झाली, असं होत नाही. फ्लुऑक्सेटिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. सुरुवातीला बेचैनी वाढू शकते. मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला तो याचसाठी. गोळ्या वाटायच्या आणि लक्ष ठेवायचं नाही, एवढ्यानेच तुमचं केंद्र भयानक होतं.

हॅलोपेरिडॉलचं (भ्रम, भास यांवरचं औषध) इंजेक्शन घ्या. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत मान वाकडी होते, जबडा आखडतो, डोळे वर खेचले जातात. तरुणांत हे जास्त. प्रोमेथाझिन टोचलं की बहुधा तासाभरात उतरतं. ते कपाटात असून न देणं, यापुढे तुमची काल्पनिक यंत्रं फिकी आहेत.

ठरावीक आठवण पुसणारं औषध नाही. विजेच्या झटक्यांच्या उपचाराने त्या सुमाराच्या आठवणींत खंड पडतो, तोही वेडावाकडा: सहल आठवते, परीक्षा नाही. आज अल्पवयीनांना हा उपचार पालकांची संमती आणि मंडळाची आगाऊ परवानगी असल्याशिवाय देता येत नाही, आणि भूल व स्नायू सैल करणारं औषध सगळ्यांनाच सक्तीचं. त्यामुळे पलंगावर तडफडणारा देह दाखवलात तर भूल कुणी बंद केली तेही सांगा.

पाणकोंबडा:
सही नाकारणारी आई घेतलीच! पण मग डॉक्टर सगळे खलनायक?

गोळीबंद:
नको. तुमचा वाचक स्वतः गोळ्या घेत असेल. 'गोळी थुंकली आणि मोकळी झाली' हा शेवट तर अजिबात नको. एकदम बंद केल्यावर चक्कर, मळमळ, चिडचिड होते (फ्लुऑक्सेटिनने कमी, त्याच जातीच्या पॅरॉक्सेटिनने जास्त) आणि मूळ आजार उलटू शकतो.

कलमकसाई:
कलम ३ म्हणतं, समाजाच्या नैतिक वा राजकीय मूल्यांशी न जुळणं म्हणजे आजार नव्हे. खोलीत दोघी ठेवा: एक नुसती बंडखोर, दुसरी खरंच आजारी. औषधांचा मारा पहिलीवर, दुसरीला कुणी विचारत नाही. आत्महत्येची पद्धत किंवा गोळ्यांची संख्या लिहू नका, आणि पहिल्याच पानावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ छापा.